अकाल निवृत्ति आणि वाढता संसार

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी मुलुंडास आमच्या घरीं भेटावयास आला होता. वय बेचाळीस, अंधेरीच्या एका संगणक-कंपनींत बऱ्यापैकीं वरचा हुद्दा, घरीं पत्नी, अकरा वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा. चहा झाल्यावर त्यानें खिशांतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाला, "सर, पंचेचाळिसाव्या वर्षीं नोकरी सोडावी म्हणतों. तेवढा हिशेब पाहतां का?" कागदावर आंकडे नीटनेटके मांडले होते. जमलेली शिल्लक, तिच्यावर धरलेलें व्याज, दर वर्षाची महागाई, मुलांच्या शिक्षणाची तरतूद, विम्याचे हप्ते. आम्ही गेलीं तीस वर्षें अर्थशास्त्र शिकवीत आहोंत. हिशेबांत बेरजेची चूक कोठें दिसली नाहीं. तरीहि कागद हातीं घेऊन आम्ही बराच वेळ गप्प बसलों. त्याचें कारण आंकड्यांत नव्हतें. त्याच्याच घरच्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या इतिहासांत होतें.

हा मुलगा २००१ सालीं आमच्या वर्गांत आला तेव्हां फीमाफीच्या अर्जांवर सही करण्याचें काम आमच्याकडे होतें. त्या अर्जांत 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असे. त्या चार-सहा वर्षांत अर्जामागून अर्ज असे येत कीं, त्या रकान्यांत मुलांनीं तीनच अक्षरें लिहिलेलीं असत: 'व्ही. आर. एस.' आरंभीं आम्हांस त्याचें हसूं येई. हा काय व्यवसाय झाला? पुढें येईनासें झालें. या मुलाच्या वडिलांनींहि १९९९ सालीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, एका यंत्रसामुग्रीच्या कारखान्यांतून अशीच स्वेच्छानिवृत्ति घेतली होती. त्या वेळीं हा सोळा वर्षांचा होता व थोरली बहीण एकोणीस वर्षांची.

लेकरें शिकत असतांनाच कर्त्या पुरुषानें नोकरींतून बाहेर पडणें ही कल्पना आज नवी, कांहींशी आकर्षक म्हणून मांडली जाते. परंतु कुर्ल्यापासून मुलुंडापर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत राहणाऱ्या हजारों कुटुंबांनीं हा प्रयोग एका पिढीपूर्वींच करून पाहिला आहे. त्याचा इतिहास कोणीं फारसा लिहिला नाहीं, कारण तो घराघरांत घडला. तो थोडक्यांत सांगावा, आणि त्यावरून काय निष्पन्न होतें तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम निवृत्ति या कल्पनेचाच थोडा विचार करूं. आमच्या जुन्या धर्मशास्त्रांत गृहस्थानें संसारांतून केव्हां बाजूस व्हावें याचा नियम सांगितलेला आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तो असा आहे कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचें अपत्य दृष्टीस पडलें, म्हणजे वनाची वाट धरावी. ही व्यवस्था ज्या समाजासाठीं सांगितली तो समाज आज उरला नाहीं, आणि तिच्यांतलें पुष्कळ कांहीं उरूं नये असेंच आम्हांस वाटतें. पण या एका नियमांतील शहाणपण ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांत वर्षांचा आंकडा दिलेला नाहीं. निवृत्तीची वेळ गृहस्थाच्या स्वतःच्या वयावरून नव्हे, तर मुख्यतः त्याच्या मुलांच्या अवस्थेवरून ठरविली आहे. नातवाचें तोंड पाहिलें याचा अर्थ मुलगा संसारास लागला, आणि मग बापानें हात काढून घेण्यास हरकत नाहीं.

इंग्रजी अमदानींत सरकारी नोकरी आली, पेन्शन आलें, आणि निवृत्तीस वर्षांचा आंकडा चिकटला. १९२२ सालच्या मूलभूत नियमांत सर्वसाधारण सरकारी नोकरासाठीं हा आंकडा पंचावन्न होता. पण त्या काळचीं लग्नें पाहिलीं तर हा आंकडाहि मुलांच्या वयाशीं जुळता होता असें दिसून येईल. विसाव्या-बाविसाव्या वर्षीं लग्न झालेल्या कारकुनाचा थोरला मुलगा बापाच्या पंचावन्नाव्या वर्षीं तिशींत आलेला असे. त्यालाहि कोठेंतरी चिकटवून दिलेलें असे. पुढें लग्नाचें वय वाढलें, आयुर्मान वाढलें, आणि केंद्रसरकारनें १९६२ सालीं निवृत्तीचें वय अठ्ठावन्न केलें. १९९८ सालीं साठ केलें. म्हणजे सरकारी नोकरापुरतें तरी निवृत्तीचें घड्याळ मुलांच्या घड्याळामागून चालत आलें.

येथें एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्ति घेतली तेव्हां त्यांचें वय अवघें छत्तीस होतें. पत्नीचें निधन झालेलें होतें आणि दोन मुली लहान होत्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकवावें असा नेम होता. तो जवळजवळ पुरा करून ते सार्वजनिक कार्यांत शिरले. तेव्हां अकालीं निवृत्त होणें हें आमच्या मध्यम वर्गास अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. पण पुढें १९०५ सालीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापला, त्याच्या सभासदांनीं घ्यावयाच्या शपथांपैकीं एक पाहण्यासारखी आहे. सभासदाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद संस्था करील तींत संतोष मानावा, असा तिचा आशय आहे. त्यागाची शपथ घेतांनाहि त्या पिढीनें कुटुंबाचा विसर पडूं दिला नाहीं. बाप पैशाच्या मागून निघाला तर मुलांची भाकरी कोण घालणार, हा प्रश्न शपथेंतच सोडवून ठेवला.

आतां उपनगरांकडे वळूं. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ सालीं सुरू झाली. पूर्वेकडेहि त्याच सुमारास झाली. १९५० व १९५७ सालीं हीं गांवें टप्प्याटप्प्यानें मुंबई महापालिकेंत आलीं. शहरांत जागा नाहीं, बंदर जवळ, आग्रा रस्ता लागून, आगगाडी हाताशीं, अशा सोईनें स्वातंत्र्याच्या आगेंमागें येथें कारखाने उभे राहिले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, विक्रोळीस गोदरेज, कांजुरास क्रॉम्प्टन, गोरेगांवास नायलॉनचें सूत काढणारा निर्लॉन, अंधेरीस मरोळची औद्योगिक वसाहत. आग्रा रस्त्याचें पुढें लालबहादुर शास्त्री मार्ग असें नामकरण झालें, पण त्याच्या दोहों बाजूंस पाळी बदलतांना होणारी गर्दी पुष्कळ वर्षें तीच राहिली.

या कारखान्यांनीं एक नवा मध्यम वर्ग निर्माण केला. दहावी किंवा अकरावी मॅट्रिक झालेला, आय. टी. आय. केलेला कोंकणांतला, घाटावरचा तरुण येथें फिटर, टर्नर, कारकून म्हणून लागे. कायम झाल्यावर त्याला सोसायटीचें कर्ज मिळे, घाटकोपरच्या पंतनगरांत किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरांत खोली मिळे, दिवाळीस बोनस मिळे. 'पर्मनंट' हा शब्द वधूपरीक्षेच्या वेळीं उंची-रंगाच्या आधीं विचारला जाई. १९५२ च्या कायद्यानें भविष्यनिर्वाह निधि आला. आमच्याकडे त्यास नुसतें 'फंड' म्हणतात. १९७२ च्या कायद्यानें दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या वेतनाची ग्रॅच्युइटी आली. अठ्ठावन्न वर्षांपर्यंत आपण येथें आहोंत, असा हिशेब धरून या माणसानें सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षीं लग्न केलें, दोन मुलांवर थांबला, आणि त्यांना आपल्याहून अधिक शिकविण्याचा निश्चय केला. त्याच्या सगळ्या संसाराचा पाया अठ्ठावन्न या एका आंकड्यावर होता.

तो आंकडा कशानें हलला? कारणें एकाहून अधिक आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा कामावर जातां आलें नाहीं. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरचेच. पंतनगरांत दवाखाना चालवतां चालवतां ते दगडखाणींतल्या मजुरांच्या प्रश्नांत शिरले होते. उपनगरांतल्या कारखान्यांतहि त्यांच्या युनियना होत्या. गिरणगांवांतील पाहुणे-रावळे घरीं बसलेले प्रत्येकानें पाहिले होते. कांहींच न मिळतां दारें बंद होण्यापेक्षां कांहीं पदरांत घेऊन बाहेर पडलेलें बरें, असें मनानें घेण्यास हें उदाहरण पुरेसें होतें.

दुसरें कारण कायद्याचें. १९७६ सालीं औद्योगिक कलह कायद्यांत दुरुस्ती होऊन तीनशें वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. पुढें ही मर्यादा शंभरावर आणली गेली. परवानगी सहसा मिळत नसे. तेव्हां कारखाना बंद न करतां तो रिकामा कसा करावा, याचा मार्ग शोधणें मालकवर्गास प्राप्त झालें. माणूस आपण होऊन जात असेल तर परवानगीचा प्रश्नच उरत नाहीं. स्वेच्छानिवृत्तीचा जन्म या अडचणींतून झाला. १९८८ सालीं केंद्रसरकारनें आपल्या उद्योगांसाठीं अशी योजना घालून दिली. जुलै १९९१ मध्यें नवें औद्योगिक धोरण आलें, परदेशी मालाशीं स्पर्धा आली. फेब्रुवारी १९९२ मध्यें राष्ट्रीय नूतनीकरण निधि स्थापन झाला. कामावरून जाणाऱ्यांस नवें कौशल्य शिकवावें असाहि त्या निधीचा उद्देश होता. पण त्यांतील बहुतेक पैसा शिकविण्यावर नव्हे, स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांवर खर्च झाला.

तिसरें कारण जमीन. नव्वद सालानंतर उपनगरांत जागेचे भाव असे चढले कीं, कांहीं कारखान्यांत तयार होणाऱ्या मालापेक्षां कारखान्याखालची जमीनच अधिक मोलाची ठरली. कुर्ल्याची पद्मिनी गाडी, जिनें मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशांत ओळख मिळविली, ती या शतकाच्या आरंभीं निघेनाशी झाली. गोरेगांवच्या निर्लॉनच्या आवारांत आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. आमच्या या विद्यार्थ्यासारखे तरुण आज ज्या जागीं बसून काम करतात, तेथें कोठें कोठें त्यांच्या बापांच्या पिढीचीं यंत्रें होतीं.

बाहेर पडण्याची ही एकच वाट होती असें मात्र नाहीं. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्यांतील कामगारांनीं १९८८ सालीं मंजुरी मिळवून बंद पडलेला कारखाना सहकारी पद्धतीनें स्वतः चालविण्यास घेतला, व कांहीं काळ चालविलाहि. पण असें धाडस क्वचित् घडतें. बहुतेकांपुढें आला तो एक छापील फॉर्म.

या फॉर्ममागचें गणित पाहण्यासारखें आहे. १९८८ च्या सरकारी योजनेंत दहा वर्षें नोकरी किंवा चाळीस वर्षें वय पुरें झालेल्यास अर्ज करतां येई. रक्कम ठरविण्याचे दोन प्रकार होते: झालेल्या प्रत्येक वर्षामागें दीड महिन्याचें वेतन, किंवा उरलेल्या महिन्यांचें वेतन, यांत जें कमी तें मिळावयाचें. समजा, एक गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचा आहे, बावीस वर्षें नोकरी झाली आहे, आणि मूळ पगार व महागाईभत्ता मिळून त्यास सहा हजार रुपये पडतात. पहिल्या रीतीनें तेहेतीस महिन्यांचें वेतन, म्हणजे १,९८,००० रुपये होतात. दुसऱ्या रीतीनें उरलेल्या १४४ महिन्यांचें, म्हणजे ८,६४,००० रुपये. त्याच्या हातीं पहिली रक्कम पडावयाची. खासगी कारखान्यांत घासाघीस होऊन हा आंकडा वरखालीं होई, पण हिशेबाचा घाट हाच. एकशें चव्वेचाळीस महिन्यांच्या भाकरीची किंमत तेहेतीस महिने ठरली होती.

मात्र ज्याच्या हातीं आजवर एका वेळीं दहा हजार रुपयेहि आले नव्हते, त्याला हें असें दिसलें नाहीं. ग्रॅच्युइटीचे सुमारें शहात्तर हजार आणि फंडाची शिल्लक धरून सगळे मिळून चार लाखांचा धनादेश हातीं येई. वस्तुतः फंड व ग्रॅच्युइटी हीं त्याचींच होतीं. तीं केव्हांहि मिळावयाचीं होतीं. पण सगळी रक्कम एका कागदावर आली म्हणजे ती एकच देणगी वाटते. त्यावर पांच लाखांपर्यंत प्राप्तिकर माफ. शेजारच्या टेबलावर बँकेचा मनुष्य बसलेला. बारा टक्क्यांनीं चार लाखांचे महिना चार हजार होतात. दोन हजारांचें कांहींतरी किरकोळ काम पाहिलें कीं पगाराची भरपाई झाली. हा हिशेब आमच्या ओळखीच्या अनेक गृहस्थांनीं आम्हांसच करून दाखविला होता, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांसहि तो पटला होता.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सरकारी बचतीवरील व्याजाचें माप म्हणून सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा दर घ्या. १९८६ पासून तो बारा टक्के होता. जानेवारी २००० मध्यें तो अकरा झाला, मार्च २००१ मध्यें साडेनऊ, मार्च २००२ मध्यें नऊ, मार्च २००३ मध्यें आठ. बँकांच्या ठेवींचे दर तर याहूनहि खालीं उतरले. चार लाखांवर महिना चार हजार मिळावयाचे, ते आठ टक्क्यांनीं सुमारें २,६६७ झाले. २ जुलै २००१ रोजीं युनिट ट्रस्टनें आपल्या युनिट-६४ योजनेंतील खरेदी-विक्री एकाएकीं थांबविली. सरकारी हमीच असल्यासारखे मानून त्यांत पैसे ठेवणाऱ्या निवृत्तांची झोंप उडाली. याच वर्षांत मुलें दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आलीं होतीं. महाराष्ट्रांत १९८३ पासून विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजें निघालीं होतीं. पैसे असतील तर मुलगा इंजिनियर होईल ही वाट उघडली होती, आणि नेमकी त्याच वेळीं पैशाची वाट अरुंद होत होती. पेन्शनचा आधार म्हणावा, तर १९९५ च्या कामगार पेन्शन योजनेंत पन्नाशीपूर्वीं कांहींच मिळत नसे. पन्नाशीनंतर मिळे तें कापून.

येथें आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. बाप निवृत्त झाला म्हणून घराचा खर्च निवृत्त होत नाहीं. तो कोणीतरी उचलावाच लागतो. उपनगरांत तो कोणीं उचलला?

कांहीं प्रमाणांत त्या गृहस्थांनीं स्वतःच उचलला. पुष्कळांनीं रिक्षा घेतल्या. मुंबईंत रिक्षा उपनगरांतच चालते, शीव-माहीमच्या पलीकडे तिला परवानगी नाहीं, त्यामुळें हा धंदा जणूं त्यांच्यासाठींच होता. कित्येकांनीं टेलिफोनचे पिवळे बूथ काढले. घरोघर आणि मग खिशोखिशीं दूरध्वनि येतांच ते बंद पडले. कांहीं सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवून पूर्वींच्याच कारखान्याच्या दारावर बारा-बारा तास उभे राहिले. पण खरा भार घरच्या बायकांनीं वाहिला. आज मुलुंड-भांडुपांत आणि बोरिवली-दहिसरांत गल्लोगल्लीं दिसणारीं पोळीभाजी केंद्रें एकाएकीं उगवलीं नाहींत. त्यांतील अनेकांचा आरंभ एखाद्या स्वयंपाकघरांत, पहाटे चार वाजतां, शेजाऱ्याच्या चार डब्यांपासून झालेला आहे. शिवणकाम, शिकवण्या, पाळणाघर, सणाचे फराळाचे जिन्नस, ही त्या घरांची नवी नोकरी होती, आणि तींत अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति नव्हती.

आणि उरलेला भार मुलांनीं वाहिला. आमच्या या विद्यार्थ्याच्या घरीं थोरली बहीण बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षांत होती. वडिलांच्या निवृत्तीनंतर चार महिन्यांनीं तिनें कॉलेज सोडलें व एका दुकानांत हिशेब लिहावयास जाऊं लागली. तिला कोणीं सोडावयास सांगितलें नव्हतें. तिनेंच ठरविलें, असें घरांत आजहि सांगतात. म्हणजे त्या घरांत स्वेच्छानिवृत्त्या दोन झाल्या. एकीचा फॉर्म भरला गेला, दुसरीचा भरला गेला नाहीं. धाकटा शिकला तो तिच्या पगारावर. आमच्यापुढें फीमाफीचा अर्ज घेऊन तीच आली होती, म्हणून ही हकीकत आम्हांस ठाऊक.

फॉर्मवर सही एकाचीच लागे, ही गोष्ट लहान वाटेल, पण ती विसरण्यासारखी नाहीं. गोखल्यांच्या समाजानें शपथेंत कुटुंबाचा उल्लेख केला होता. कारखान्याच्या फॉर्ममध्यें कुटुंब कोठेंच नव्हतें. ज्या चौघांचें आयुष्य त्या सहीनें बदलावयाचें, त्यांतल्या तिघांना विचारण्याची तजवीज कायद्यानें केली नव्हती, आणि पुष्कळ घरांत गृहस्थानेंहि केली नाहीं. आमच्या शेजारच्या एका बाईंना नवऱ्यानें फॉर्म भरल्याचें फॉर्म मंजूर झाल्यावर कळलें.

कारखान्यांमागून बँका आल्या. २०००-०१ सालीं सरकारी बँकांनीं संगणकामुळें वाढलेली माणसें कमी करण्यासाठीं मोठी योजना काढली. पंधरा वर्षें नोकरी किंवा चाळीस वर्षें वय ही अट. प्रत्येक वर्षामागें साठ दिवसांचें वेतन, किंवा उरलेल्या काळाचें, जें कमी तें. देशभरांत सुमारें एक लाख लोक बाहेर पडले. ज्या केंद्रसरकारनें दोनच वर्षांपूर्वीं आपल्या नोकरांचें निवृत्तीचें वय साठावर नेलें, त्याच सरकारच्या मालकीच्या बँका चाळिशीच्या माणसास घरीं जाण्याची सोय करून देत होत्या. बँकेच्या माणसाची स्थिति कामगाराहून पुष्कळ बरी होती. पुष्कळांस पेन्शन होतें. तरीहि अर्ज करून पस्तावलेले इतके निघाले कीं, अर्ज मागें घेतां येतो कीं नाहीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २००२ मध्यें न्यायालयानें राष्ट्रीयीकृत बँकांच्या योजनेबाबत असा निर्णय दिला कीं, बँकेनें मान्य करण्यापूर्वीं अर्ज मागें घेतां येतो, योजनेंत तसें करतां येणार नाहीं असें लिहिलें असलें तरीहि. मात्र ज्यानें पैसे घेऊन वापरले त्याला तो हक्क उरत नाहीं. पेन्शनसाठीं पांच वर्षें अधिक धरावयाचीं कीं नाहींत हा दुसरा वाद २००९ पर्यंत चालला व निवृत्तांच्या बाजूनें सुटला. पण तोंवर शिकणारीं मुलें नोकरीस लागून गेलीं होतीं.

हें सर्व लिहितांना एका बाजूचेंच चित्र काढल्याचा दोष आमच्यावर येऊं नये. कांहींचें बरें झालें, आणि तें कसें झालें तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्याच इमारतींतले एक टर्नर गृहस्थ सत्तेचाळिसाव्या वर्षीं बाहेर पडले. आलेल्या पैशांतून त्यांनीं पहिल्या आठवड्यांत घराचें कर्ज फेडलें, उरलेला पैसा मुलींच्या नांवें ठेवला, आणि दुसऱ्या महिन्यांत मरोळच्या एका गाळ्यांत निम्म्या पगारावर लेथवर उभे राहिले. हातीं आलेल्या रकमेला त्यांनीं एक दिवसहि उत्पन्न मानलें नाहीं. नोकरी गेली असें मानलें, निवृत्ति आली असें नव्हे. त्यांच्या दोन्ही मुली पदवीधर झाल्या. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाळ्यांच्या नोकरींत ज्यांनीं मुलांना जागेपणीं फारसें पाहिलेंच नव्हतें, अशा कांहीं बापांना त्या वर्षांत मुलें भेटलीं. कोणी गणित घेऊन बसले, कोणी शाळेंत सोडावयास गेले. पण आमच्या विद्यार्थ्यास त्याविषयीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, "बाबा दिवसभर घरीं असत तें मला आवडत नसे, सर. ते घरीं असत म्हणून नव्हे. कोणी दारावर आलें कीं आंत जाऊन बसत म्हणून."

आतां त्याच्या कागदाकडे परत येऊं. त्याची स्थिति वडिलांसारखी नाहीं, हें उघड आहे. त्यास कोणी घालवीत नाहीं, कर्ज नाहीं, पत्नी स्वतः नोकरी करते. बापाला जें भाग पडलें तें आपण मनानें करावें आणि मुलांबरोबर दिवस घालवावेत, ही त्याची इच्छा आम्हांस हिणकस वाटली नाहीं. उलट तिचें मूळ कोठें आहे तें आम्हांस दिसलें. म्हणून आम्हीं त्यास नको म्हटलें नाहीं. तीन गोष्टी मात्र दाखविल्या.

पहिली व्याजाची. त्याच्या वडिलांच्या पिढीनें बारा टक्के हा निसर्गाचा नियम समजला. तीन-सव्वातीन वर्षांत तो आठांवर आला, आणि २०२० च्या एप्रिलांत सात पूर्णांक एक दशांशावर. चाळीस वर्षें पुरवावयाच्या पैशावर आजचा दर चाळीस वर्षें धरणें हा हिशेब नव्हे, ती आशा आहे. दुसरी वयाची. कागदावर त्यानें आपल्या वयाचा रकाना केला होता. मुलांच्या वयाचा नव्हता. त्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं मुलगी चौदांची असेल, मुलगा नवांचा. मुलगा मिळवता होण्यास त्यानंतर निदान तेरा-चौदा वर्षें. निवृत्तीचें वर्ष मुलाच्या वयावरून मोजलें तर तें अठ्ठावन्नाच्या आसपासच येतें, म्हणजे जुन्या लोकांनीं ठेवलेल्या जागीं. त्याआधीं नोकरी सोडावयाची तर सोडावी, पण तिला निवृत्ति म्हणूं नये. पगाराशिवाय करावयाची तेरा वर्षांची चाकरी म्हणावी, आणि तिची तरतूद तशी करावी. तिसरी गोष्ट सहीची. आम्हीं विचारलें, "हा कागद घरीं दाखविलास का?" पत्नीला तोंडी सांगितलें होतें. मुलीला नाहीं. "आणि ताईला?" तो म्हणाला, "तिचा यांत काय संबंध, सर?" आणि बोलतां बोलतांच थांबला.

निवृत्ति हा एकट्यानें घेण्याचा निर्णय आहे, हा समज आमच्या मतें या पन्नास-साठ वर्षांतला आहे, आणि तो फॉर्मनें निर्माण केला आहे. जुनी पिढी नातवाकडे पाहून ठरवी. सरकारनें वर्षांचा आंकडा ठरविला, पण तोहि संसाराच्या वाढीशीं मेळ ठेवून. उपनगरांतल्या त्या हजारों घरांत हा मेळ तुटला, आणि तुटल्याची किंमत ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें कोणत्याहि योजनेच्या कागदांत नाहींत. त्यांचे डबे, त्यांच्या शिकवण्या, त्यांनीं अर्ध्यावर सोडलेलीं वर्षें हाच त्या योजनेचा खरा जमाखर्च होय. आज जे सुशिक्षित तरुण आपण होऊन त्या वाटेस जाऊं पाहतात, त्यांनीं तो एकदां वाचावा. घरांतलें कोणीतरी सांगेल. बहुधा आई, नाहीं तर थोरली बहीण.

विद्यार्थ्यानें कागद घडी करून खिशांत घातला. पुढच्या रविवारीं बोरिवलीस बहिणीकडे जाणार आहे, असें जातांना सांगून गेला. तिची मुलगी यंदा बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षास आहे.